वीस सेकंदांचे आभार

आभार कसे मानू नयेत हे कुणाला शिकायचं असेल, तर त्याने कात्रीसाहेबांकडे जावं. गाण्यांच्या व्हिडिओंना बक्षिसं देणारा तो झगमगीत सोहळा दरवर्षी टीव्हीवर दिसतो ना, तो कापून, शिवून, इस्त्री मारून घराघरात पोचवायचं काम कितीतरी वर्षं यांच्याकडेच होतं. सोहळा व्हायचा बुधवारी आणि दिसायचा रविवारी. मधल्या दिवसांत साहेब एका बिनखिडकीच्या, गारठलेल्या खोलीत बसून जिंकलेल्या माणसांची भाषणं कापायचे. एखादा गुरूंचं नाव घेऊन हुंदका द्यायचा, तर हे स्वतःशीच म्हणायचे, "रड बाबा, तुला काय, उद्या उडवतोच आहे." एखादी म्हणायची, "मी दोनच शब्द बोलणार आहे," तर हे कपाळावर हात मारून खुर्चीत मागे रेलायचे, कारण पुढे काय वाढून ठेवलंय हे त्यांना पुरतं ठाऊक असायचं.

साहेब वगैरे त्यांना कुणी केलं नव्हतं. कापायचा सोस पाहून लोकांनी आधी नुसतं 'कात्री' म्हणायला सुरुवात केली, मग केस पांढरे झाल्यावर लाजेकाजेस्तव 'साहेब' जोडलं. पण माणसाला नाव चिकटलं की त्याचा थोडा रुबाब अंगात येतोच. "चांगला माणूस वीस सेकंदांत आभार मानतो," असं ते स्टुडिओत सगळ्यांना ऐकवायचे. "त्यापुढचं सगळं स्वतःचं कौतुक."

आणि टाळ्यांचं म्हणाल तर ती वेगळीच गंमत. इकडे कुणाचं तरी नाव पुकारलं आणि तिकडे पहिल्या रांगेतली बडी गायिका डोळे टिपत टाळ्या वाजवतेय, हे तुम्ही घरी बसून बघता आणि तुम्हाला भरून येतं. छे हो! सोहळा सुरू व्हायच्या आधी एक माणूस स्टेजवर येतो आणि सांगतो, "मंडळी, आता टाळ्या. आता जरा जोरात. आता हसा. आता भारावून जा बघू." कॅमेरे हे सगळं टिपून ठेवतात. या धंद्यात त्याला म्हणतात साठा. भाषण मधेच कापलं की तोंडाची हालचाल जुळत नाही. मग तेवढ्या सांध्यावर साठ्यातली एक टाळी नाहीतर एक अश्रू चिकटवायचा. आवाज चालू राहतो, चेहरा दुसऱ्याचा दिसतो, आणि घरच्या माणसाला पत्ताही लागत नाही. मागच्या वर्षी ज्या अश्रूने निम्मा देश हळहळला, तो खरं तर डोळ्यात पापणीचा केस गेल्यामुळे आलेला होता. साहेबांनी तो तीन वेगवेगळ्या बक्षिसांना वापरला.

तर असे हे साहेब, आणि या वर्षी त्यांचंच नाव संकलनाच्या बक्षिसाच्या यादीत आलं. जो सोहळा कापणार तोच बक्षिसाच्या शर्यतीत, हे कसं काय चाललं, असं विचारायला हवं होतं खरं. पण संकलनाच्या बक्षिसाकडे लक्ष द्यायला फुरसत कुणाला होती?

ज्या व्हिडिओसाठी नाव आलं त्यात घडत काही फार नव्हतं. एक बाई पिशवी घेऊन रिकाम्या घरातून निघते, जिना उतरते, गल्लीतून चालत जाते, बसमध्ये बसते. गाणं सुंदर होतं, बाई सुंदर होती, जिनासुद्धा बरा होता. पण दुसऱ्या कडव्याला बघणाऱ्याला जांभई यायची. साहेबांनी हे पुढे घे, ते मागे टाक, सगळं करून पाहिलं. काही म्हणता काही जमेना. शेवटी एका सकाळी घरीच लॅपटॉपसमोर डोकं धरून बसले होते, तेव्हा बायको मागे येऊन उभी राहिली. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करते. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत विचारत असते, "आता बरं दिसतंय की मघाशी?" तिने व्हिडिओ एकदा पाहिला, गळ्यात दुकानाचं ओळखपत्र अडकवलं आणि म्हणाली, "अरे, ही घर सोडून चाललीय हे पहिल्याच पायरीला कळतंय. मग पुढे कशाला कोण बघेल? उलटं लाव ना. बसपासून सुरू कर आणि शेवटी तिला घरात नेऊन सोड. मग कळू दे, ती का निघाली ते." एवढं बोलून ती चपला घालून कामाला गेली. साहेबांनी उलटं लावलं. आणि पहिल्यांदाच शेवटी त्या रिकाम्या घरात बाईला एकटीला उभं पाहून त्यांनी व्हिडिओ आपणहून पुन्हा लावला.

परीक्षकांनी लिहिलं होतं, "शेवटापासून सुरुवात करण्याचं विलक्षण धाडस." साहेबांनी ते वाचून दाखवलं तेव्हा बायको म्हणाली, "वा!" आणि दुसरं काही म्हणाली नाही. साहेबांनाही त्यात काही खटकलं नाही.

सोहळ्याचा पास एकच मिळाला. तंत्रज्ञांना जोडीने बोलावायची पद्धत नव्हती. बायको म्हणाली, "तू जा. मी रविवारी टीव्हीवर बघेन. फक्त तो निळा कोट घालू नकोस, त्यात तू दुकानातल्या पुतळ्यासारखा दिसतोस." साहेबांनी तोच घातला. दारातल्या लाल गालिच्यावर हातात माईक घेतलेल्या मुलीने त्यांना चुकून कुणीतरी मोठं समजून गाठलं आणि विचारलं, "काय सुंदर कोट आहे! घरी काय म्हणाले?" साहेब फुशारकीने म्हणाले, "काय म्हणणार! बायको म्हणाली, हा घालू नकोस. तिला कशातलं काय कळतंय!" मुलगी हसली. साहेबही हसले. कॅमेरा चालू होता.

आणि मग त्यांचं नाव पुकारलं गेलं.

वीस सेकंदांची शिकवण देणारा हा माणूस माईकसमोर जो उभा राहिला तो हटेचना. समोरच्या पाटीवर 'आवरा' असं लाल अक्षरांत लुकलुकायला लागलं, तर यांना वाटलं लोक प्रेमाने काहीतरी दाखवताहेत. त्यांनी निर्मात्याचे आभार मानले, गायिकेचे मानले. बसच्या चालकाचे मानले, कारण त्याने न कंटाळता बस पाच वेळा मागे घेतली होती. "माझ्या मणक्याची काळजी घेणाऱ्या खुर्चीवाल्याचे मनापासून आभार" असंही ते म्हणाले. शाळेतल्या चित्रकलेच्या बाई आल्या, स्टुडिओतला एसी दुरुस्त करणारा आला, वडिलांचे एक चुलतभाऊ आले ज्यांनी लहानपणी कॅमेऱ्याला हात लावू दिला होता. शेवटी रंगात येऊन ते म्हणाले, "लोक मला विचारतात, ही उलटी कल्पना सुचली कशी? सांगू? मला ती सुचली आंघोळ करताना!" सभागृह हसलं. ते हसू अंगावर घेत, बक्षिसाची बाहुली छातीशी धरून, साहेब तरंगत खाली उतरले.

संध्याकाळी घरी पोचले तर बायको दारातच उभी. तिने बाहुली हातात घेतली, वजन करून पाहिलं, आणि विचारलं, "काय बोललास?"

"फार नाही. आपले आभार मानले सगळ्यांचे."

"माझे मानलेस?"

"म्हणजे काय! तुझे नाही मानणार?"

आता हे ते खोटं बोलले असं समजू नका. त्यांना अगदी मनापासून तसंच वाटत होतं. एसी दुरुस्त करणाऱ्यापर्यंत जो माणूस पोचला, तो बायकोला विसरला असेल हे त्यांच्या डोक्यातही येणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते खोलीत बसले आणि सगळ्यात आधी, हावरटासारखं, स्वतःचंच बक्षीस उघडलं. पहिल्यांदा कोट दिसला. बायको बरोबर होती, दुकानातला पुतळा. मग भाषण सुरू झालं आणि साहेबांना घाम फुटला. हा कोण वेडगळ माणूस? हा श्वास घ्यायला थांबतो की नाही? दर वाक्याला "म्हणजे" काय, मधेच वर छताकडे बघणं काय! सवयीने त्यांच्या तोंडून निघूनसुद्धा गेलं, "उडव रे याला कुणीतरी!" मग त्यांनी भाषण शेवटपर्यंत ऐकलं. पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांचे हातपाय गार पडले, आणि ते काही एसीमुळे नव्हे. बायको त्यात कुठेच नव्हती. तिचं नाव नव्हतं, उल्लेख नव्हता, साधं "घरच्यांचे आभार" एवढंही नव्हतं. उलट तिची कल्पना होती, आणि ती आंघोळीला बसली होती.

इतक्यात चॅनेलच्या मॅडम डोकावल्या. त्यांचा स्वभाव चांगला, पण जीव नेहमी घाईत. "तांत्रिक बक्षिसं प्रत्येकी वीस सेकंद हं. आणि तुमचं पूर्ण उडवलंत तरी चालेल. तुम्ही तर घरचेच, तुम्हाला काय वाईट वाटायचंय?"

साहेबांच्या डोळ्यांपुढे एकदम उजेड पडला. उडवायचं! दिसलंच नाही तर विचारणार कोण? "चॅनेलने कापलं" म्हणायचं, चार शिव्या चॅनेलला घालायच्या, बायकोही घालेल, आणि दोघं मिळून सुखाने झोपायचं. त्यांनी हातसुद्धा पुढे नेला. तेवढ्यात फोन वाजला.

"ऐक," बायको म्हणाली. "रविवारी आईला बोलावलंय. धाकटी बहीण येतेय. शेजारच्या मास्तरांनाही सांगितलंय. आई म्हणते, जावईबापूंनी माझ्या लेकीचं नाव सगळ्या जगासमोर घेतलं, हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. अरे, ती नवी साडी काढणार आहे."

साहेबांनी फोन ठेवला आणि हात मागे घेतला. आता दिसणं भाग होतं, आणि दिसून आभारही मानणं भाग होतं.

सोहळ्याचा आवाज जुळवणारे आवाजवाले काका शेजारच्या खोलीत बसायचे. साहेब त्यांच्याकडे गेले, दार लोटून घेतलं आणि झाला प्रकार एका दमात सांगितला. काका पोट धरून हसले. मग म्हणाले, "एवढं काय घाबरतोस? आयुष्यभर लोकांच्या तोंडी वाक्यं शिवलीस, आता स्वतःच्या तोंडी शिव. 'माझ्या' आहे का?"

"आहे. 'माझ्या मणक्याची'मधलं."

"'चे मनापासून आभार'?"

"खुर्चीवाल्याचं आहे."

"मग राहिलं काय? 'बायको' पाहिजे फक्त. तो शब्द कुठे उच्चारलायस का कालच्या दिवसात?"

साहेबांनी आठवून पाहिलं. सबंध दिवसात तो शब्द त्यांनी एकदाच उच्चारला होता, लाल गालिच्यावर. त्यांनी ती फीत काढली. "काय म्हणणार! बायको म्हणाली, हा घालू नकोस." काकांनी 'बायको' तेवढं अलगद उचललं, गालिच्यावरची गर्दी त्यातून धुऊन काढली, सभागृहाचा घुमारा चढवला, आणि खुर्चीवाल्याच्या आभारांना जोडून दिलं. जोड इतका बेमालूम बसला की काकांनी तो हौसेने पुन्हा एकदा वाजवून पाहिला. "आणि माझ्या बायकोचे मनापासून आभार." शब्दावर साहेबांचा चेहरा दिसू नये म्हणून त्यांनी साठ्यातली बडी गायिका लावली, तीच ती, डोळे टिपणारी. आंघोळ अर्थातच गेली. बसचालक, एसीवाला, चित्रकलेच्या बाई, चुलतकाका, सगळे गेले. राहिला एक नम्र, मोजकं बोलणारा, बायकोवर प्रेम करणारा माणूस. साहेबांना तो फारच आवडला. असा आपण असतो तर बरं झालं असतं, असंही एकदा वाटून गेलं. पण घड्याळाकडे बघून त्यांनी पुढचं बक्षीस उघडलं.

रविवारी घर भरलं. सासूबाई नव्या साडीत टीव्हीच्या अगदी समोर, मेहुणी सोफ्याच्या हातावर, आणि शेजारचे मास्तर, म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, घरून स्वतःची खुर्ची घेऊन आलेले. बाहुली टीव्हीशेजारी ठेवली होती आणि मास्तर दर थोड्या वेळाने तिच्याकडे बघून विचारत, "ही आतून भरीव असते का हो?" साहेब मागे, भिंतीला टेकून उभे. बसवेना त्यांना. गेले चार दिवस पाचावर धारण बसली होती, पण चेहऱ्यावर मात्र नम्र विजेत्याचं हसू लावलं होतं.

आलं. कोट आला, बाहुली आली, "निर्माते आणि गायिका यांचे" आले, आणि मग, "आणि माझ्या बायकोचे मनापासून आभार." बड्या गायिकेने डोळे टिपले. टाळ्यांचा कडकडाट झाला. संपलं.

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "किती थोडक्यात, पण किती मनापासून! नाहीतर आमचे हे, पन्नास वर्षांत एकदा शब्द काढला असेल तर शपथ." मेहुणी म्हणाली, "ताई, नशीब काढलंस गं. भावोजी, आमच्याकडच्यांना जरा शिकवा ना!" मास्तर म्हणाले, "ती गायिकासुद्धा रडली हो! कुठे पोचलं बघा तुमचं बोलणं." साहेबांनी नम्रपणे मान खाली घातली. आणि खरं सांगतो, त्या क्षणी त्यांनासुद्धा वाटलं की आपण बोललो होतो.

बायको हसली. आईला म्हणाली, "आहेच माझा नवरा तसा." मग "चहा टाकते" म्हणून आत गेली, आणि जाता जाता तिने साहेबांकडे बघून मानेने खूण केली. साहेब मागोमाग गेले. त्यांना वाटलं, आता आपल्याला मिठीबिठी मिळणार.

बायकोने पातेल्यात पाणी ओतलं, गॅस पेटवला, आणि मागे न वळता विचारलं, "ते 'बायको' कुठून आणलंस?"

साहेब उगाच कप मोजायला लागले. "कुठून म्हणजे? स्टेजवरून."

"अरे, सोळा वर्षं ऐकतेय मी. असा 'बायको' तू फक्त माझी तक्रार करताना म्हणतोस. बा जरा लांबवतोस आणि को खाली टाकतोस." आता ती वळली. "कोटाचं बोलत होतास ना कुणाशी तरी?"

सगळी यंत्रं, सगळा साठा, काकांची सगळी धुलाई, सगळं त्या एका शब्दाच्या सुरात वाहून गेलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

"आणि खरं भाषण?"

"त्यात तू नव्हतीस," साहेब म्हणाले. "विसरलो. देवाशपथ, मुद्दाम नाही. घरी आलो तेव्हाही मला वाटत होतं की तुझं नाव घेतलंय."

"दाखव."

"कशाला? फार लांब आहे. फार वाईट आहे."

"दाखव म्हणतेय ना."

ते फोनवर होतंच. स्वतःचं अख्खं भाषण फोनमध्ये ठेवून फिरण्याइतकी हौस त्यांना अजून होती. ओट्याला टेकून तिने सबंध पाहिलं. बसचालकाला हसली. खुर्चीवाल्याला जोरात हसली. एसीवाला आला तेव्हा म्हणाली, "तो तर दोनदा बिघडवून गेला होता." साहेबांना जरा धीर आला. आणि मग आंघोळ आली.

ती हसायची थांबली. चहाचं पाणी उकळायला लागलं होतं, त्याच्याकडे तिचं लक्ष नव्हतं.

"आंघोळ?" ती म्हणाली. "त्या दिवशी तू आंघोळसुद्धा केली नव्हतीस रे."

साहेबांना हसू आलं आणि त्याच क्षणी त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की ते हसू अर्ध्यातच राहिलं. विसरलो म्हणून सुटता येत होतं. इथे विसरणं नव्हतं. लोक हसावेत म्हणून, एका टाळीसाठी, त्यांनी तिची गोष्ट उचलून स्वतःच्या नावावर टाकली होती. आणि ती बुधवारी स्टेजवर नाही, परीक्षकांचं ते वाक्य वाचून दाखवलं तेव्हाच टाकली होती. त्या वेळी ती "वा!" म्हणाली होती.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "कल्पना तुझी होती. ते बक्षीस तुझ्या कल्पनेला मिळालं आणि मी ते खिशात घातलं. मला माझीच किळस येतेय. म्हणजे... थांब, नीट बोलतो, पुन्हा पहिल्यापासून..."

"मला काय सांगतोयस?" बायको म्हणाली. "मला माहीतच आहे ते." तिने गॅस बारीक केला. "बाहेर जाऊन सांग."

"आत्ता?"

"मग कधी? पुढच्या बुधवारी?"

बाहेर सोहळा शेवटाला आला होता. वर्षातला सगळ्यात उत्तम व्हिडिओ जाहीर व्हायचा होता आणि तिघंही श्वास रोखून बसले होते. साहेब टीव्हीसमोर जाऊन उभे राहिले.

"अहो, बाजूला व्हा!" मास्तर ओरडले. "पाकीट उघडताहेत!"

साहेबांनी टीव्ही बंद केला. मेहुणीच्या तोंडून "अगं बाई!" निघून गेलं.

"मला दोनच शब्द बोलायचेत," साहेब म्हणाले, आणि आपण हे काय बोललो हे कळून त्यांचे कान लाल झाले. आता समोर 'आवरा' अशी पाटी नव्हती, मागे साठा नव्हता. तीन माणसं होती, आणि तिघंही थेट त्यांच्या तोंडाकडे बघत होती. "म्हणजे असं आहे की, मघाशी तुम्ही जे पाहिलं ते मी शिवलेलं होतं. मी स्टेजवर हिचं नाव घेतलंच नाही. ते आभार खुर्चीवाल्याचे होते."

"कुठला खुर्चीवाला?" सासूबाईंनी विचारलं.

"तो महत्त्वाचा नाही. म्हणजे आहे, पण... तो शब्द मी कोटाबद्दल बोलताना वापरला होता. आणि ती गायिका रडत नव्हती, ते दुसऱ्याच वेळचं आहे." मास्तरांचा चेहरा एकदम पडला, सगळ्यात जास्त वाईट त्यांनाच वाटलं असावं. साहेब मात्र आता थांबणार नव्हते. त्यांनी बाईची पिशवी सांगितली, जिना सांगितला, डोकं धरून बसलेला स्वतः सांगितला, गळ्यात ओळखपत्र अडकवता अडकवता ती काय म्हणाली ते शब्दन् शब्द सांगितलं. मधे अडखळले, चारदा "म्हणजे" म्हणाले, एकदा छताकडेही बघितलं. "ज्याला बक्षीस मिळालं ते तिने सांगितलं होतं. मी फक्त लावलं. आणि तिथे, सगळ्यांसमोर, मी म्हणालो की मला सुचलं. मी चोर आहे, आई. मला हे बक्षीस घरात बघवत नाहीये."

बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. सासूबाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"खरं का गं हे?"

"खरं आहे."

"मग तू इतके महिने गप्प बसलीस? मला तरी सांगायचं होतंस! त्याला चार शब्द सुनवायचे होतेस!"

बायकोने ट्रे खाली ठेवला. कप सरळ केले, एक कप आईच्या हातात दिला. तिचा आवाज जरा बसला होता, आणि तो सूर साहेबांनी सोळा वर्षांत कधी ऐकला नव्हता.

"सुनवून घेतलेलं नको होतं मला," ती म्हणाली. "रोज वाटायचं, आज आपणहून बोलेल."

साहेब बंद टीव्हीपाशी तसेच उभे राहिले. तिने त्यांच्यापुढेही एक कप धरला, तो त्यांना दोन्ही हातांनी घ्यावा लागला.